गुलाबी डोक्याचं बदक

४ नोव्हेंबर १९९५, शनिवार

घड्याळांच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा इन्स्पेक्शन डिपार्टमेंटने मला ही जाडजूड वही दिली होती. मात्र लिहिण्याजोगं काही घडेना. दूध आलं, पेपर आला, पंप लावला, टाकी भरली. याच्यावर कोण किती लिहिणार?

आज मात्र घडलं. पुण्याहून जयसिंगराव जगदाळ्यांचं पत्र आलं. त्यांचा मुलगा मल्हार कॉम्प्युटर इंजिनियर आहे, कंपनीने त्याला सायप्रसला पाठवलंय. आमच्या आसावरीशी पत्रिका उत्तम जुळते. घराणं चांगलं, पुण्यात स्वतःचं मंगल कार्यालय. पत्राच्या शेवटी मात्र त्यांनी लिहिलंय, "चिरंजिवांनी आतापर्यंत बऱ्याच मुली नाकारल्या. त्याची अट एकच, मुलीला पक्षी बघण्याची आवड हवी. आम्ही हात टेकले आहेत."

मी उलट टपाली कळवून टाकलं की आसावरीला लहानपणापासून पक्ष्यांचं वेड आहे. यात खोटं काही नाही. चौथीत असताना ती रोज कावळ्याला पोळी टाकायची.

संध्याकाळी ॲटलास काढून हिला सायप्रस दाखवलं. भूमध्य समुद्रात अगदी उजव्या कोपऱ्यात आहे. ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंसं? पोरगी कड्यावरून घसरायची."

हिला भूगोलात गती नाही.

६ नोव्हेंबर, सोमवार

आवड आहे म्हटल्यावर ती आता लावायला हवी. मल्हार जानेवारीत सुट्टीवर येईल. म्हणजे हाताशी दोन-अडीच महिने आहेत. नशिबाने आम्ही येलहंक्याला राहतो. घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर तळं आहे, तळ्याच्या मधोमध झाडीचं छोटं बेट आहे आणि थंडीत तिथे परदेशी बदकं उतरतात, असं ऐकून आहे. तीस वर्षं बंगळुरात काढली, पण बदकांकडे बघायला सवड कुणाला होती? बेटाचं बघून फार बरं वाटलं. आसावरीला आत्तापासूनच बेटाची सवय होईल.

इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात जाऊन मिलिटरीतली जुनी दुर्बीण घेतली. तिची डावी काच धूसर आहे. एरवी असा माल मी दारातून परत पाठवला असता. पण दुकानदार म्हणाला, "सार, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं चालवून घ्या, एक डोळ्याने बघा." मोठमोठे शास्त्रज्ञ दुर्बिणीत एकाच डोळ्याने बघतात, हे मलाही आठवलं. पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक आमच्या मराठी मंडळाच्या लायब्ररीतून आणलं.

आसावरीला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते, मोजण्याच्या कामाला पक्की. म्हणाली, "बाबा, मला न विचारता पत्र पाठवलंत?" मी म्हटलं, "शुभ कामाला उशीर नको म्हणून." ती काही बोलली नाही. होकारच समजायचा.

१२ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी. आम्ही तिघं गेलो, मी, आसावरी आणि गुंडो.

गुंडो मुतगेकर म्हणजे आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. बेळगावकडचा. रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. माणूस सरळ आणि भाडं वेळेवर, पण त्याचं मराठी ऐकवत नाही. काल जिन्यात भेटला तेव्हा पक्ष्यांचा विषय काढला. आसावरीही येणार आहे म्हणालो, तर लगेच म्हणाला, "मीबी येतो की ओ साहेब. पक्षी म्हणजे मला लई आवडतात." दोन वर्षं वर राहतोय, त्याला मान वर करून आकाशाकडे बघताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. पण छंद असेच अचानक लागतात. स्टूल आणि थर्मास उचलायला माणूस मिळाला, हे उत्तम झालं.

तळ्याकाठी माझा पहिला नियम असा की बोलायचं नाही. आवाजाने पक्षी उडतात. कुजबुजसुद्धा चालणार नाही. हिने सोबत दिलेले पोहेसुद्धा दाण्यांशिवाय होते, कारण दाणे चावताना आवाज होतो.

काळ्या रंगाचे बरेच दिसले. कावळे नव्हते, पाण्यात होते.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज कामाला शिस्त आणली. आमच्या डिपार्टमेंटमध्ये प्रत्येक लॉट दोन स्वतंत्र तपासनीस तपासायचे. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याला चूक सापडायची. त्याच धर्तीवर तळ्याच्या दोन काठांवर दोन तुकड्या केल्या. अलीकडच्या बांधावर मी, दुर्बीण घेऊन. पलीकडच्या काठावर, करंजाच्या मोठ्या झाडाखाली, आसावरी आणि गुंडो, पुस्तक घेऊन. पलीकडचा काठ वळसा घालून लांब पडतो, म्हणून गुंडो तिला लूनावरून नेतो.

दोघं मिळून एक तपासनीस धरायचा, कारण गुंडोला इंग्रजी नावं वाचायला वेळ लागतो. या कल्पनेला आसावरीने पहिल्यांदाच मनापासून होकार दिला. मुलीत माझा काटेकोरपणा उतरलाय.

डबे हिने दोन केले. पलीकडच्या डब्यात लसणाची चटणी वेगळी घातली होती. मी विचारलं, "मला का नाही?" ही म्हणाली, "तुम्हाला कुठे आवडते? तिकडे आवडते."

२५ नोव्हेंबर, शनिवार

मल्हारने वडिलांना लिहिलेलं पत्र जयसिंगरावांनी आमच्याकडे पाठवलं. काय सुंदर अक्षर! लिहितो, "इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात मिठाचा पांढरा थर होऊन पडलेलं तळं भरतं आणि त्यावर रोहित पक्षी उतरतात. सगळं पाणी गुलाबी दिसतं. शनिवार-रविवार मी तिथेच असतो. वारा बोचरा असतो. जेवायचं राहून जातं, कुणाशी बोलणं होत नाही. फार सुखात आहे."

मी हिला म्हटलं, "बघ, निर्व्यसनी मुलगा." ही म्हणाली, "कुणाशी बोलणं होत नाही म्हणून सुखात आहे म्हणे. मग आपल्या पोरीने तिथे डबा उघडून कुणाच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

हिला काव्यातही गती नाही. मंडळाच्या कोजागिरीला ही झोपली होती, ते मी विसरलेलो नाही.

मंडळात बातमी सांगितली. रघुजी भोईटे, ज्यांचा जावई फक्त मस्कतला आहे, त्यांनी लगेच विषय बदलला.

२६ नोव्हेंबर, रविवार

तळ्याकाठी देवाप्पा नावाचा एक म्हातारा म्हशी चारायला येतो. आज माझ्या शेजारी येऊन बसला, पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं आणि हसून म्हणाला, "जोडी चन्नागिदे, सार." म्हणजे जोडी छान आहे. तीस वर्षांत एवढं कन्नड मला येतं. मी लगेच तिकडे दुर्बीण लावली. करंजाच्या अलीकडे, चिखलात, एक चित्रबलाक उभा होता. एकटाच. देवाप्पाला मोजता येत नसावं. तरी मी मान डोलावली.

परत निघताना आसावरी म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी जरा बोलायचंय." मी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही अजून बांधावरच होतो. नियम म्हणजे नियम, तो मुलीसाठी मोडला तर उद्या गुंडोही बोलेल.

घरी आल्यावर पुस्तकात बदकांचं प्रकरण काढून बसलो. थापट्या, तलवार, लालसरी. एक हळदीकुंकू नावाचंही बदक आहे. ते बाराही महिने इथेच राहतं, कुठे जात नाही. त्याच्यावर वेळ घालवला नाही. मल्हारला स्थानिक मालात काय रस असणार?

३ डिसेंबर, रविवार

गुंडो हल्ली मला मामा म्हणायला लागलाय. आधी साहेब होतो, मग काका झालो. मी आसावरीला विचारलं, हे काय नवीन? ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बेळगावकडे सगळ्या मोठ्या माणसांना मामा म्हणतात, बाबा."

असेल. सीमाभागातल्या चालीरीती वेगळ्या.

१० डिसेंबर, रविवार

आजचा दिवस सोन्याचा!

थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. माझ्या काठावर धुकं. थर्मासमधला चहा संपला तरी पलीकडची तुकडी परत येईना. शेवटी लूना आली. दोघांचेही चेहरे लाल झाले होते. वारा तिकडे जास्त असावा. मी खूण करून विचारलं, काय दिसलं? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या कपाळाला आठी पडलेली पाहून गुंडोने घाईघाईने पुस्तक उघडलं आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

गुलाबी डोक्याचं बदक! चॉकलेटी अंग, आणि डोकं, मान, सगळं गुलाबी. बघावं असं चित्र आहे.

इतका आनंद झाला की नियम विसरून मी बोललो. "नक्की हेच?"

"होय की ओ मामा. डोकं एकदम गुलाबी."

"आसावरी, तू पाहिलंस?"

ती पुस्तकाकडे बघत होती. तिचे कानसुद्धा थंडीने गुलाबी झाले होते. "हो बाबा," म्हणाली, अगदी हळू. शिस्त अंगी बाणलेली दिसते.

सायप्रसच्या तळ्यावर गुलाबी रोहित आणि आमच्या येलहंक्याला गुलाबी डोक्याचं बदक! योग म्हणतात तो हाच. रात्रीचं जेवण व्हायच्या आत दोन पत्रं लिहिली, एक पुण्याला आणि एक थेट मल्हारला. "चि. सौ. कां. आसावरीने दि. १० रोजी सकाळी प्रत्यक्ष पाहिले. सदर नोंद तपासून पाहिली असून बरोबर आहे." खाली सही केली आणि हुद्दा लिहिला, निवृत्त मुख्य तपासनीस.

पाकीट डकवताना ही म्हणाली, "त्या बदकाबद्दल पुस्तकात काय लिहिलंय ते वाचलंत का?" मी तिला समजावलं की आमच्यात ड्रॉइंग प्रमाण मानतात. माल ड्रॉइंगशी जुळला की पास. खालचा मजकूर विक्री खात्यासाठी असतो.

२४ डिसेंबर, रविवार

दुपारी फोन वाजला. सायप्रसहून! मल्हार स्वतः! आवाज थरथरत होता. पंधरा दिवसांत माझं पत्र पोचलं आणि मुलगा फोनवर हजर.

त्याने विचारलं, चोच कोणत्या रंगाची होती, पंखाखाली फिकट होतं का, इतर बदकांत मिसळलेलं होतं की एकटं, बुडी मारत होतं का. मी सगळ्याला "होय" म्हणालो. म्हणाला, "काका, मी इतर सगळं रद्द करून येतोय. एकवीस जानेवारी. तोपर्यंत कृपा करून कुणालाही सांगू नका." मग फोन कट झाला.

किती सभ्य मुलगा! इतका वेळ बोलला, पण आसावरीबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. असा संकोच आजकाल बघायला मिळत नाही. एकवीसला पौष संपून माघ लागतो, तेही त्याने बघितलेलं दिसतंय.

आसावरी दारात उभी होती. मी म्हटलं, "येतोय!" ती आत निघून गेली. लाजली.

हिने कपबशी जरा जोरात ठेवली.

३१ डिसेंबर, रविवार

गुंडो आला नाही. तब्येत बरी नाही म्हणाला. आसावरीलाही सर्दी. डोळे सुजले होते. मी एकटाच गेलो. दुसऱ्या काठावर कुणी नसलं की मोजण्यात राम नाही. समोर करंजाखाली रिकामं होतं. देवाप्पाने हाताने खूण करून विचारलं, कुठे गेले? मी म्हटलं, सर्दी.

संध्याकाळी आसावरी माझ्या खुर्चीपाशी येऊन बसली. "बाबा, ते बदक…" मी म्हटलं, "आता त्या बदकाचा विचार मल्हार करेल. तू फक्त तब्येत सांभाळ." तिने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. शाळेत नापास होण्याची भीती वाटली की लहानपणी अशीच बसायची. नापास मात्र कधी झाली नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, ही गेली की या खुर्चीपाशी कोण येऊन बसणार?

असले विचार बापाने करायचे नसतात. सगळ्यांच्याच मुली जातात. भोईट्यांची मस्कतला गेली, आपली भूमध्य समुद्रात जाईल. घसा दुखत होता म्हणून लवकर झोपलो. सर्दी मलाही लागली असावी.

१५ जानेवारी १९९६, सोमवार

गुंडो तिळगूळ द्यायला खाली आला. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "मामा, महिनाअखेरला खोली सोडावी म्हणतोय. हुबळीला बदली मागितलीया."

मला धक्काच बसला. "अरे, एकवीस तारखेला पलीकडच्या काठावर कोण उभं राहणार? बदक तू पाहिलंस, जागा तू दाखवायची, आसावरीला लूनावरून तू न्यायचं. तू नसलास तर कार्यक्रम कोलमडेल."

तो मग म्हणाला, "बरं की ओ मामा. तेवढं करतो मी." हातातला तिळाचा लाडू त्याने नुसताच धरून ठेवला होता.

ही आतून बाहेर आली, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "गुंडो, खा तो." मुलाने खाल्ला. पण ही नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संक्रांतीच्या दिवशी!

२० जानेवारी, शनिवार

उद्याची व्यवस्था ठरली. मुलगी बघण्याचा कार्यक्रम थेट तळ्यावर. इतका आधुनिक बाप येलहंक्यात दुसरा नसेल. सूर्योदयाला सगळ्यांनी बांधावर जमायचं. जयसिंगराव सपत्नीक मुक्कामाला नातलगांकडे आहेत, तिथून टॅक्सीने येतील. ताडपत्री, पोहे, थर्मास. भडक रंगाने पक्षी बिचकतात, म्हणून आसावरीला माझ्या सांगण्यावरून मळकट हिरवी साडी. हिने विचारलं, "मुलगी दिसायला नको का?" मी म्हटलं, "आधी बदक दिसू दे."

२१ जानेवारी, रविवार

दुपार झाली आहे. घर शांत आहे. क्रमाने लिहितो, नाहीतर काही सुचणार नाही.

पहाटे धुकं होतं. आज पोह्यांचा डबा घेऊन हीही आमच्यासोबत आली होती. जयसिंगराव थ्रीपीस सुटात आले, बांधावर दोन पावलं टाकली आणि चकचकीत बुटांसकट चिखलात रुतले. त्यांच्या सौभाग्यवती भरजरी शालूत. मल्हार मात्र खिशाखिशाचं जाकीट घालून, दाढी वाढवून, खांद्यावर तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण घेऊन आला. मला नमस्कार केला आणि विचारलं, "कुठे?"

मी आसावरीला पुढे केलं. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "किती वाजता? पाण्यात की काठावर? वारा कुठून होता?"

आसावरीने माझ्याकडे पाहिलं. मग पलीकडे बोट दाखवलं. "त्या करंजाखाली."

"तुम्ही जरा तिथे जाऊन उभ्या राहाल? मला अंतर कळेल."

गुंडो लूनापाशीच उभा होता. ती मागे बसली आणि दोघं निघाले. जयसिंगराव कुजबुजले, "ते गृहस्थ कोण?" मी सांगितलं, "आमच्याच तुकडीतले."

मल्हार दुर्बीण लावता लावता हलक्या आवाजात म्हणाला, "काका, मला अजून विश्वास बसत नाही. या बदकाला शेवटचं बघितल्याला साठ वर्षं झाली. जगात कुठेच उरलं नाही असं मानतात. तुम्हाला माहीत आहेच."

मला माहीत नव्हतं.

मी ताडपत्रीवर बसलो, पुस्तक मांडीवर घेतलं, वाचायचा चष्मा लावला. चित्र तेच. पान उलटलं. दोनच ओळी होत्या. बहुधा नामशेष.

तीस वर्षं लोकांची घड्याळं तपासली मी. काटा तिळभर अडकला तरी अख्खा लॉट परत पाठवायचो. त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग वाटलं, असेलही! सगळ्या जगाचं चुकलं असेल, माझ्या मुलीला दिसलं असेल. मल्हार तिकाटणं सोडून वही काढायला वळला तेव्हा मी त्याच्या दुर्बिणीला डोळा लावला.

चांगल्या काचेतून मी आज पहिल्यांदा पाहिलं. धुकं विरलं होतं, करंजाचं पान न् पान दिसत होतं. त्याखाली बदक नव्हतं.

आसावरी रडत होती. आवाज येणार नाही अशा बेताने, पदर तोंडाला लावून. त्या काठाला वाळकं गवत आहे, तिच्या साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती. गुंडो खाली उकिडवा बसून ती एकेक करून काढत होता. वर बघत नव्हता. एक काढायचा आणि हातातल्या डब्याच्या झाकणात ठेवायचा, जणू ती कुणाला परत द्यायची आहेत. मग काहीतरी बोलला. आसावरीने पदर बाजूला केला आणि रडता रडता हसली.

घरात ती अशी शेवटची कधी हसली, मला आठवेना. मी पुन्हा आठवून पाहिलं. नाही आठवलं. मग मात्र बाकीचं आठवायला लागलं. गुलाबी कान. लसणाची चटणी. देवाप्पाची जोडी. माझ्या गुडघ्यावर टेकलेलं डोकं. अडीच महिने मी पाण्यावर नजर लावून बसलो होतो आणि माझी मुलगी समोरच्या काठावर उभी होती. तिला मीच उभं केलं होतं. ती बोलायला आली की ओठांवर बोटही मीच ठेवलं होतं. मला माझी फार लाज वाटली.

"दिसलं का?" जयसिंगरावांनी विचारलं.

"दिसलं," मी म्हणालो.

मल्हार धावत आला. "बदक?"

"नाही."

मी बांधाच्या टोकाला गेलो, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि कारखान्याच्या शेडमध्ये द्यायचो तशी हाक दिली. "आसावरी! गुंडो! पोहे गार होतायत! या इकडे!"

सगळं तळं उठलं. बेटावरून, पाण्यातून, चिखलातून, शेकडोंनी. पंखांच्या आवाजात जयसिंगरावांचं बोलणं ऐकू येईना. मल्हार आभाळाकडे तोंड करून मोजत सुटला, "लालसरी, थापट्या, तलवार…" करंजाखाली ती दोघं दचकून उठली आणि दोन दिशांना चालू लागली. गुंडो लूनाकडे, आसावरी पायवाटेने एकटी.

मी पुन्हा ओरडलो. "तशी नाही! एकत्र या!"

आसावरी थांबली. इतक्या लांबून, साध्या डोळ्यांनी, तिचा चेहरा मला दिसला नाही. ती मागे वळली, तेवढं दिसलं.

पुढचं थोडक्यात. जयसिंगराव म्हणाले, "शितोळे, आम्ही मुलगी बघायला आलो होतो की बदक?" मी म्हटलं, "माफ करा, दोन्ही माझ्या चुकीने कळवलं गेलं." त्यांच्या सौभाग्यवतींनी पोह्यांना हात लावला नाही. मल्हारला बदक खोटं निघाल्याचं खरंच दुःख झालं, काढलेली वही त्याने पुन्हा खिशात टाकली. लग्न मोडल्याचं त्याच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि आल्यावर चेहरा एकदम खुलला. जाताना हळूच म्हणाला, "काका, या तळ्यावर पट्टकादंब पक्षी छान आहेत. पुढच्या थंडीत येऊ का? नुसता." मी म्हटलं, "ये. बायको बघायला येऊ नकोस म्हणजे झालं."

परत येताना मी हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तळ्यावर बोलायचं नाही म्हणालात."

"आणि घरी?"

"घरी तुम्ही पुस्तकात असायचात," ही म्हणाली आणि माझ्या हातातलं स्टूल तिने घेतलं, कारण ते आता उचलायला गुंडो नव्हता. तो मागून येत होता, लूना हाताने ढकलत. आसावरी त्याच्या शेजारून चालत होती आणि दोघंही बोलत होती, चांगली मोठ्याने.

भोईट्यांना काय सांगायचं, ते उद्या बघू.

२८ जानेवारी, रविवार

गुंडोने हुबळीचा अर्ज मागे घेतला. पुढच्या आठवड्यात बेळगावहून त्याचे आईवडील येणार आहेत. आम्ही त्यांच्या भाषेची सवय करतोय. मला "होय की ओ" म्हणता येऊ लागलंय, पण ही म्हणते की माझं ऐकवत नाही.

सकाळी तळ्यावर चौघं गेलो. एकाच काठावर, एकच ताडपत्री. पोह्यांत दाणे होते. बडबडीमुळे फारसे पक्षी जवळ आले नाहीत. हळदीकुंकू बदकाची जोडी मात्र हलली नाही. आमच्यासमोर निवांत चरत होती. नोंद केली, स्थानिक. पास.

गुंडो चहा आणायला गेला तेव्हा मी आसावरीला विचारलं, "खरं सांग, बेळगावकडे सगळ्याच मोठ्या माणसांना मामा म्हणतात?"

तिने दुर्बीण माझ्या हातून घेतली, तिची धूसर काच पदराने पुसली आणि म्हणाली, "नाही बाबा. सगळ्यांना नाही."